कंटिन्युइटीतली डुलकी

नाना दुपारी उडत असत, ही गोष्ट त्यांनी कोणालाच सांगितलेली नव्हती. सांगणार तरी कशी? माणूस सारी हयात वजनमापे खात्यात काढतो, दुकानादुकानांतून तराजू तपासत हिंडतो, दांडीत केसाएवढी खोट सापडली तरी दुकानदाराला घाम फोडतो, आणि निवृत्त झाल्यावर सांगत सुटतो की मी जेवण झालं की जरा उडून येतो! लोक तोंडावर हसले नसते. जिन्यात जाऊन हसले असते, आणि नानांना ते जास्त लागलं असतं.

उडणं तसं साधंच होतं. जेवण झालं की नाना खिडकीजवळच्या आरामखुर्चीत पाठ टेकायचे, चष्मा काढून छातीवर ठेवायचे आणि डोळे मिटायचे. थोड्या वेळाने पोटात काहीतरी हलकं व्हायचं, पाय फरशीवरून सुटायचे आणि नाना खिडकीतून अलगद बाहेर. फार उंच नाही, विजेच्या खांबाच्या जरा वर. फार जोरातही नाही, सायकलच्या बेताने. पायात मोजे, अंगात घरातलाच सदरा. वरच्या मजल्यावरच्या वकिलांनी गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींना वळसा घालायचा, पाण्याच्या टाकीवरच्या कबुतरांना दचकवायचं नाही, की आलाच बाजार. वरून दुकानांच्या ताडपत्र्या दिसत, ताडपत्र्यांच्या फटींतून तराजूंची पारडी चमकत, आणि नवल म्हणजे एकाही तराजूत खोट नसे. सगळं जग काटेकोर आणि आपलं स्वतःचं वजन शून्य. असं सुख निवृत्त माणसाला दुसरं काय मिळणार? मग चहाची वेळ झाली की नाना आल्या वाटेने परत यायचे, खुर्चीत उतरायचे आणि डोळे न उघडताच विचारायचे, "झाला का चहा?"

समोर स्टुलावर विणत बसलेली माई, म्हणजे नानांची बायको, म्हणायची, "झालाय." तिचा आवाज त्या वेळी जरा सुटल्यासारखा असे. नानांनी त्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोच्या आवाजाकडे कोण एवढं लक्ष देतं?

तर एके दिवशी नाना केस कापून घरी आले आणि बघतात तो खिडकीजवळ खुर्ची नाही. फरशीवर तिच्या चार पायांचे चार फिकट डाग तेवढे उरलेले.

"खुर्ची कुठंय?"

"दिली," माई म्हणाली.

"दिली म्हणजे?"

"भावाला दिली. त्याच्या मालिकेत म्हाताऱ्या माणसाची खोली दाखवायचीय. म्हणाला, ताई, दोन दिवस दे."

माईचा भाऊ टीव्हीच्या मालिकांसाठी घरं सजवायचा. म्हणजे पडदे, कपाटं, कुंड्या असलं सगळं जमवून खोट्या भिंतींच्या आत खरं वाटेल असं मांडून द्यायचा. यातलं विकत काहीच नसे, सगळं नातेवाइकांचं. त्यामुळे एरवी मोकळाढाकळा असलेला हा मेहुणा घरात आला की सगळे आधी आपापल्या वस्तूंवर बसून घेत. नाना नेमके त्या दिवशी न्हाव्याकडे होते.

"मला न विचारता दिलीस?"

"वेतही सैल झालाय तिचा," माई विणकामाकडे बघत म्हणाली. प्रश्नाचं हे उत्तर नव्हतं, पण टाका चुकला म्हणून ती मोजत बसली आणि विषय तिथेच राहिला.

मालिका होती लहान मुलांची, विनोदी. नाव 'भरारी आजोबा'. हे आजोबा जगावरचं संकट दूर करायला उडत जातात खरे, पण कबुतरंसुद्धा त्यांना मागे टाकतात. अर्ध्या वाटेत कोणाच्या तरी गच्चीवर टेकतात, तिथल्या माणसांची ख्यालीखुशाली विचारतात आणि आपण कशाला निघालो होतो तेच विसरतात. दुष्ट शास्त्रज्ञ बिचारा आजोबांना चष्मा सापडेपर्यंत थांबतो. आजोबांचं काम करणारा नट मात्र पांढऱ्या टोपाखाली चांगला काळ्याभोर केसांचा तरणा होता आणि त्याला उंचीची भीती वाटायची.

दोन दिवस गेले. आठवडाही गेला. नानांना झोप लागत नव्हती असं नाही. पलंगावर लागली, सोफ्यावर लागली, एकदा फरशीवर चटई टाकून तिथेही लागली. पण ती नुसतीच झोप. बटाट्याच्या पोत्याला लागावी तशी. पाय जमिनीवरून सुटायलाच तयार नाहीत. नाना उठत ते चिडून, आणि चहा समोर आला तरी तो कधी झाला हे त्यांना विचारावंसं वाटत नसे.

दुपारी नाना घरभर फेऱ्या मारतात हे शेजाऱ्यांना कळायला वेळ लागला नाही. समोरच्या काकूंनी कोमट पाण्यात पाय बुडवायला सांगितलं. नानांनी बुडवले. पाणी गार झालं, नानांना शिंका आल्या, आणि शिंकांवर काकूंनी नाकात तेल सोडायला सांगितलं. काकूंचा एक उपाय करावा तर त्यावरचा दुसरा उपाय त्यांच्याकडे तयारच असायचा. शेवटी नानांना त्यांची चाहूल लागली की नाकाला रुमाल लावायची सवय जडली. वकिलांनी मात्र खुर्चीचं सगळं प्रकरण नीट ऐकून घेतलं आणि चेहरा गंभीर केला.

"ताबा गेला, नाना. माझं ऐका. मागू नका, भांडू नका. तिथे जा आणि खुर्चीत बसा. बसलेल्या माणसाला उठवायचं म्हणजे सोपं काम नाही."

नाना गेले. स्टुडिओच्या फाटकावर पहारेकरी होता. त्याने विचारलं, "कलाकार की सामान?"

"मी भेटायला आलोय."

"भेटायला असं काही नाही इथे. आत एक तर कलाकार जातो, नाही तर सामान जातं."

नानांनी आपण वजनमापे खात्यातून निवृत्त झालो असल्याचं सांगितलं. खाकरून, आवाज थोडा खाली आणून सांगितलं. या आवाजाला एके काळी अख्खी बाजारपेठ टरकायची. पहारेकऱ्याने त्यांना खालून वर न्याहाळलं, कलाकार नक्कीच नाही असं मनाशी ठरवलं आणि सदऱ्याच्या खिशावर एक पिवळी चिठ्ठी चिकटवली. तिच्यावर ठसठशीत छापलेलं होतं: सामान.

आत सामानाची नोंद ठेवणारा कोठीवाला भेटला. त्याचं म्हणणं, अशी खुर्ची आत आलेलीच नाही. मेहुण्याने ती परस्पर टेम्पोतून सेटवर नेली होती. "आणि जी वस्तू आत आलीच नाही, ती मी बाहेर कशी सोडणार? सांगा तुम्हीच." नानांना राग यायला हवा होता, पण उलट कौतुकच वाटलं. नोकरीत असताना त्यांनीही लोकांना अशीच उत्तरं दिली होती, पण इतकं घोटीव उत्तर त्यांना कधी साधलं नव्हतं.

खुर्ची सेटवर होती. एका मोठ्या गोदामाच्या मधोमध तीन भिंतींची खोली, चौथ्या भिंतीच्या जागी कॅमेरे आणि वर छप्परच नाही, नुसते दिवे टांगलेले. कोपऱ्यात दुष्ट शास्त्रज्ञाचं शंभर टनांचं वजन पडलेलं होतं. नानांनी सवयीने ते उचलून पाहिलं. थर्माकोल! वर मुद्रा नाही, पडताळणीचं साल नाही, काही नाही. नानांच्या कपाळाची शीर उडायला लागली. तेवढ्यात एक बाई धावत आल्या.

"ते तिथेच ठेवा! हलवलंत ना? आता मला फोटो बघून परत तसंच ठेवावं लागेल!"

या बाईंचं काम एवढंच की काल जे जिथे दिसलं ते आजही तिथेच दिसलं पाहिजे. सेटवर त्यांना सगळे कंटिन्युइटीताई म्हणायचे. नानांनी खुर्ची मागितली तेव्हा त्यांनी नाना जणू भिंतच मागतायत अशा नजरेने पाहिलं.

"ती आता कशी मिळेल? पहिल्याच भागात आजोबा उडतात तेव्हा मागे दिसलीय. ती आता कंटिन्युइटीत आहे."

"अहो, पण माझी आहे."

"मालिका संपेपर्यंत कोणाचीच नाही. मुलांना सगळं दिसतं हो. खुर्ची गायब झाली तर मुलं मला खाऊन टाकतील."

त्या गेल्या. नानांनी इकडेतिकडे पाहिलं. सगळे वर बघत होते, कारण वर तारांवर भरारी आजोबा लटकत होते आणि डोळे घट्ट मिटून 'मला खाली घ्या' म्हणत होते. वकिलांचे शब्द नानांच्या कानात घुमले. ते हळूच गेले आणि खुर्चीत बसले, निव्वळ ताबा म्हणून. पाठीला ओळखीचा झोल लागला, कोपरांना ओळखीचे हात मिळाले. नानांनी बूट काढले आणि चष्मा काढून छातीवर ठेवला, तेही सवयीने.

पोटात हलकं झालं. किती दिवसांनी! नाना वर निघाले, दिव्यांच्या मधून, गोदामाच्या वरच्या झरोक्यातून बाहेर. इथून शहर निराळंच दिसत होतं. ओळखीची टाकी लांब उन्हात उभी होती आणि कबुतरं तिच्याभोवती सावकाश फिरत होती. नाना त्यांच्या मागोमाग फिरले. आपण कुठे होतो, कशाला आलो होतो, याचं ओझं उरलं नव्हतं.

"कट!" कोणीतरी ओरडलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

टाळ्या नटाला होत्या. बिचारा पहिल्यांदाच न किंचाळता खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उडाला होता. दिग्दर्शिका पडद्यावर पुन्हा बघत होती. पंचविशीची चुणचुणीत मुलगी, गळ्यात मोठाले हेडफोन. बघता बघता तिचं हसू मावळलं.

"मागे खुर्चीत हे कोण आहे?"

मागे खुर्चीत नाना होते. तोंड अर्धवट उघडं, डावा मोजा घसरलेला, आणि छातीवर पिवळी चिठ्ठी: सामान. शॉट पुन्हा घ्यायचा तर नट आता काही केल्या वर जायला तयार नव्हता. त्याने दोन्ही हातांनी एक खांबच धरून ठेवला होता. दिग्दर्शिकेने कपाळाला हात लावला. कंटिन्युइटीताईंनी एक सुस्कारा टाकला, नानांच्या भोवती फिरून सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि म्हणाल्या, "आजोबा, आता तुम्हीही कंटिन्युइटीत. केस एवढेच ठेवायचे. मोजा डावाच घसरलेला पाहिजे. आणि उद्यापासून वेळेवर यायचं."

नानांनी बाणेदारपणे नकार द्यायचं ठरवलं. पण रोज त्या खुर्चीत बसायला मिळणार होतं. त्यांनी नकार आतल्या आत दिला आणि मोजा तसाच ठेवला.

तो भाग दाखवला तेव्हा सगळी इमारत टीव्हीसमोर होती. नानांच्या अब्रूचं काय झालं ते विचारूच नका. भाजीवाल्याने लांबून हात करून विचारलं, "काय नाना, झोप झाली का?" समोरच्या काकू म्हणाल्या की तोंड उघडं म्हणजे नाकच चोंदलेलं, मी सांगत होते तेल सोडा. नानांनी आधी आपण झोपलो नव्हतो, चिंतन करत होतो, असं सांगून पाहिलं. मग सांगायचंच सोडून दिलं. माईने भाग पाहिला की नाही ते कळलं नाही. नाना पडद्यावर आले तेव्हा ती उठून स्वयंपाकघरात गेली होती.

पण खरी गंमत जिन्यात झाली. वकिलांची धाकटी, पुढचे दोन दात पडलेली, नानांना वाटेत आडवी आली.

"ते उडणारे आजोबा खोटे आहेत," ती म्हणाली. "खरे तुम्ही. तुम्ही झोपता आणि ते तुमच्या स्वप्नात उडतात."

नानांनी कठडा धरला. "कोणी सांगितलं तुला?"

"दिसतंच की! ते वर गेले की तुमच्या पायाची बोटं हलतात."

आणि ती दोन दोन पायऱ्या सोडत निघूनही गेली. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांना ओळखलं होतं. लाजही वाटत होती आणि छाती भरूनही येत होती.

ही अक्कल एकट्या तिचीच नव्हती. जिकडेतिकडे मुलं तेच म्हणायला लागली. दिग्दर्शिका हुशार, तिने गोष्टच फिरवली. आता भरारी आजोबा म्हणजे खुर्चीतल्या आजोबांचं स्वप्न. ते झोपले की हे उडणार, ते जागे झाले की हे जिथे असतील तिथून धप्पकन पडणार. नट दोन दिवस रुसून बसला. "मी रंगभूमीवर राजे केले! आता मी एका डुलकीचं स्वप्न?" मग तोच नानांजवळ येऊन हळूच म्हणाला, "नाना, नीट झोपत जा हं. माझं सगळं तुमच्या पापण्यांवर आहे."

बस, इथेच सगळं नासलं. इतके दिवस मागे कोपऱ्यात पडलेल्या नानांवर आता चार दिवे आले. कोणी नाकावर पावडर लावतंय, कोणी मोजा ओढून नीट घसरवतंय, आणि मग शांतता. "साउंड! कॅमेरा! आजोबा, झोपा!"

माणसाला झोप म्हटल्यावर झोप येते का? नानांनी डोळे मिटले की पापण्यांच्या आतून दिवे दिसत. त्यांनी मनातल्या मनात मापं घोकली, कांद्याची पोती तोलली, खात्यातल्या सगळ्या साहेबांची नावं आठवली. झोप येईना, म्हणून शेवटी घोरून दाखवलं.

"कट! आजोबा, घोरणं खोटं वाटतंय."

खोटं! ज्या माणसाने हयातभर दुसऱ्याची खोट पकडली त्याला? नानांचे कान लाल झाले. त्यांनी परत घोरून दाखवलं, ते आधीपेक्षा वाईट. काकूंच्या सांगण्यावरून मोजे ओले करून झाले. वकिलांनी जुन्या खटल्यांचे निकाल वाचायला दिले. ते निकाल वाचता वाचता मेकअपवाला झोपला, नाना टक्क जागे. एरवी ज्या खुर्चीत बसलं की शहर खाली दिसायचं, तिच्यात आता नुसतं बूड दुखायला लागलं. खुर्ची परत मिळाली होती आणि उडणं गेलं होतं.

त्यात एका दुपारी मेहुणा घरी आला. आला तो चोरट्यासारखा, दारातच उभा राहिला.

"भाऊजी, रागावणार नसाल तर सांगतो. शेवटचा भाग उरलाय. आजोबा आभाळात हरवतात आणि खुर्चीतले आजोबा जागे होऊन त्यांना घरी आणतात. त्याला अगदी खरी झोप पाहिजे म्हणतात. उद्या नाही जमलं तर… त्यांनी दुसरा झोपणारा बघून ठेवलाय."

"दुसरा?"

"नट आहे. चांगला झोपतो, मी पाहिलाय. आणि मग पुढच्या मालिकेलाही तोच, आणि खुर्चीही तिकडेच राहील. तुम्हाला नवी घेऊन देतो ना मी, याहून मऊ."

नाना ताडकन उठले. मेहुण्याला वाटलं राग आलाय, आणि तो जिना उतरून पळाला. पण तो राग नव्हता. नाना खिडकीशी त्या चार डागांपाशी जाऊन उभे राहिले. बाहेर वकिलांच्या चादरी वाऱ्यावर फुगत होत्या, त्यांच्या पलीकडे टाकी दिसत होती. नानांना पहिल्यांदाच ती फार लांब वाटली. म्हातारपण म्हणजे हेच असेल का, की आपल्याच खिडकीतून दिसणारी टाकी लांब व्हावी?

माईने सुया खाली ठेवल्या.

"उद्या मी येते तिकडे," ती म्हणाली. "चहा घेऊन येते."

दुसऱ्या दिवशी फाटकावर पहारेकऱ्याने तिलाही विचारलं, कलाकार की सामान? माई म्हणाली, "मी यांची बायको." पहारेकऱ्याने थोडा विचार केला आणि सामानाची चिठ्ठी लावली. थर्मासला वेगळी लावली.

सेटवर तिने कोणाला काही विचारलं नाही. एक स्टूल उचललं, नानांच्या खुर्चीसमोर जरा बाजूला ठेवलं आणि विणायला घेतलं. दिग्दर्शिका तोंड उघडणार तेवढ्यात कंटिन्युइटीताई म्हणाल्या, "असू दे, फ्रेमच्या बाहेर आहेत." दिवे लागले. नानांनी डोळे मिटले. पापण्यांतून उजेड येतच होता, पण उजेडात एक आवाजही होता: सुयांचा. टिक, टिक, आणि मधेच टाका मोजताना तो थांबायचा. हा आवाज इतकी वर्षं आपल्या दुपारच्या तळाशी होता, हे नानांना आज कळलं. कळता कळता त्यांच्या पोटात हलकं झालं.

आज ते सरळ वर गेले. खाली छप्पर नसलेल्या खोल्या पसरलेल्या. एकीत दवाखाना, एकीत शाळा, एकीत राजाचा महाल, आणि सगळ्यांत दिवे लागलेले. माणसं लहान लहान, इकडून तिकडे खुर्च्या हलवणारी. तारेवर नट लोंबकळत होता, त्याला नानांनी जाता जाता हात केला. मग गोदाम मागे पडलं, बाजार आला, टाकी आली. कबुतरांनी सरकून जागा दिली. नाना टाकीच्या काठावर टेकले, मोज्यांतले पाय खाली सोडून. ऊन कलत होतं. इथेच राहावं, असं त्यांना वाटलं. उतरायची घाई ती काय?

मग चहाचा वास आला.

"झाला का चहा?" नाना म्हणाले आणि त्यांनी डोळे उघडले.

सेटवर कोणी जागचं हलत नव्हतं. मग दिग्दर्शिका "कट" म्हणाली, पण ओरडून नाही, कोणाला उठवायचं नसल्यासारखी. नट वरूनच डोळे पुसत होता आणि त्यासाठी तारेवरचा हात सोडल्यामुळे गरगर फिरत होता.

"झकास, आजोबा! एकच घोळ झालाय. मधे एक हात आला."

"कोणाचा हात?"

तिने पडदा नानांकडे वळवला. नानांनी चष्मा लावला. पडद्यावर एक म्हातारा झोपला होता. तोंड उघडं नव्हतं आज. तो हसत होता. इतकं समाधानाने हसत होता की जणू त्याचं इथलं सगळं आटोपलं होतं. छाती हलत होती की नाही ते कळत नव्हतं. मग बाजूने एक हात आला, बोटाला लोकरीचा धागा गुंडाळलेला. हाताने दोन बोटं म्हाताऱ्याच्या नाकाखाली धरली. थांबला. बोटांना श्वास लागला असावा, कारण हात परत गेला. थोड्या वेळाने पुन्हा आला. पुन्हा दोन बोटं, पुन्हा थांबणं.

नानांनी वळून पाहिलं. माई थर्मासचं झाकण उघडत होती.

"हे काय गं?"

"रोजचंच आहे," माई म्हणाली.

"रोज?"

"तुम्ही असे हसता झोपेत. हाक मारली तरी ऐकत नाही. एकदा चहा उकळून उकळून आटला, तरी तुमचं हसणं चाललेलंच." झाकण तिच्या हातात फिरत राहिलं. "मला वाटायचं, एखाद दिवशी तिकडेच राहाल. म्हणून दिली खुर्ची. मागायला आला तो, आणि दिली. पलंगावर कसे कपाळाला आठ्या घालून झोपता, मला बरं वाटायचं."

इतक्या वर्षांत आपण परत येताना तिचा आवाज सुटल्यासारखा का होतो, ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं. त्यांनी चहा घेतला. अर्धा पिऊन उरलेला त्यांनी तिच्यापुढे धरला.

"तो हात काढून टाकू आपण," दिग्दर्शिका म्हणाली.

"आता कसा काढणार?" कंटिन्युइटीताई नाक पुसत म्हणाल्या. "हात आला. आता तोही कंटिन्युइटीत." आणि त्यांनी माईच्या हाताचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले.

मालिका संपली. दुसऱ्या झोपणाऱ्याचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. खुर्ची बाहेर काढायला कोठीवाल्याने बरीच खळखळ केली, पण आत न आलेली वस्तू बाहेर गेली तरी कोणाला कळणार आहे, हे नानांनी त्याला खात्याच्या आवाजात पटवून दिलं. मेहुण्याने ती टेम्पोतून आणली आणि चार डागांवर बरोबर चार पाय ठेवले.

त्या दुपारी जेवण झाल्यावर नानांनी माईला सगळं सांगितलं. विजेचे खांब, चादरी, ताडपत्र्या, पारडी, सगळं. सांगताना त्यांचे कान लाल झाले होते. माई हसली नाही. जिन्यातही गेली नाही. तिने फक्त विचारलं, "मोज्यांवर? गार नाही का लागत?"

मग तिने स्टूल खुर्चीच्या शेजारी ओढलं. नाना म्हणाले, "माझी बाही धर. फार लांब गेलो तर ओढ." माईने सदऱ्याची बाही मुठीत धरली. नानांनी चष्मा छातीवर ठेवला.

आज उडणं जरा जड गेलं. डाव्या बाहीला ओढ होती. नाना खांबाच्या वर गेलेच नाहीत, चादरींच्या उंचीनेच चालले होते. पण ओढ बरी वाटत होती. नव्हे, ती होती म्हणूनच टाकीपर्यंत बिनघोर जाता आलं. परत आल्यावर ते सवयीने म्हणाले, "झाला का चहा?"

कोणी उत्तर दिलं नाही.

नानांनी डोळे उघडले. माई स्टुलावर बसल्या बसल्या झोपली होती. डोकं खुर्चीच्या हातावर टेकलेलं, बाही मुठीत तशीच. ती हसत होती. नानांनी हाक मारली. तिने ऐकलं नाही. पुन्हा मारली. तिच्या पायाची बोटं तेवढी हलली, का तसा भास झाला, ते त्यांना कळेना, कारण चष्मा घरंगळून खाली पडला होता. नानांचं सगळं वजन शरीरात परत आलं. त्यांनी हात पुढे केला आणि दोन बोटं तिच्या नाकाखाली धरली. आधी काहीच लागलं नाही. मग ऊन ऊन श्वास लागला, आणि नाना बसल्या जागी रडू लागले.

माईने डोळे न उघडताच विचारलं, "झाला का चहा?"

"टाकतो," नाना म्हणाले. "तू ये सावकाश."

पण त्यांना लगेच उठता आलं नाही. बाही अजून तिच्या मुठीत होती.